रेडिओ स्टार्स ते नाट्यमन्वंतर

'रेडिओ स्टार्स' ही मुंबईतली हौशी नाट्यमंडळी. 1930 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ती नभोवाणीवर मराठी नाटके सादर करीत असे. तिच्याच वर्तुळातून 1933 साली 'नाट्यमन्वंतर' ही संस्था उभी राहिली. नव्या मराठी रंगभूमीचा आरंभ बहुतेक जण 'नाट्यमन्वंतर'पासून धरतात, मात्र त्याआधीच्या नभोवाणीवरच्या तालमीकडे फारसे कोणी पाहत नाही.

मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खासगी कंपनीचे. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा होता आणि कार्यक्रम नीट ऐकू येत तो टापू सुमारे 30 मैलांचा. नागोठणे, रोहा ही गावे त्याच्या पलीकडे पडत. तिथे मुंबईचा आवाज पोचलाच तर रात्री, तोही खरखरीसकट. शिवाय संच महाग आणि परवान्याला वर्षाला 10 रुपये, त्यामुळे श्रोते थोडेच राहिले. 1930 च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि एप्रिलपासून सरकारने केंद्र आपल्याकडे घेतले. ऑक्टोबर 1931 मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला, पण लोकांनी ओरड केल्यावर महिना-दीड महिन्यात मागेही घेतला गेला. अशा डळमळीत दिवसांत हौशी मंडळींना तिथे वाव मिळाला.

त्या काळी ध्वनिमुद्रण करून ठेवण्याची सोय नव्हती, त्यामुळे नाटक थेट प्रक्षेपित होई. हातात संहिता घेऊन नट मायक्रोफोनभोवती उभे राहत. चुकले तर दुरुस्ती नाही, आणि वेळ संपली की नाटक संपले पाहिजे. अशा ठिकाणी पल्लेदार आवाजाला किंमत नव्हती. शेजारी बसून बोलल्यासारखे वाक्य हवे होते. 'वन्स मोअर'ची सोय नाही, म्हणून पदे आपोआप कमी झाली. पोशाख, पडदे, अभिनेत्याचे रूप यांचा उपयोगच उरला नाही. संगीत नाटकाने ज्या गोष्टींवर चार-पाच दशके प्रेक्षक जमवला होता, त्या नेमक्या इथे निरुपयोगी ठरल्या.

त्याच सुमाराला नाटक कंपन्यांवर संकट आले. 1931 मध्ये 'आलम आरा' आणि 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हे बोलपट झळकले, आणि आधीच कर्जात रुतलेल्या मंडळ्यांचा प्रेक्षक चित्रपटगृहांकडे वळला.

'नाट्यमन्वंतर'च्या उभारणीत पार्श्वनाथ आळतेकर, के. नारायण काळे, अनंत काणेकर, श्री. वि. वर्तक आणि व्यावसायिक रंगभूमीवर मुरलेले केशवराव दाते होते. 1 जुलै 1933 रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' रंगले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या 'गाँटलेट'वर ते बेतलेले होते. लग्नापूर्वीच्या शुद्ध वर्तनाची अपेक्षा फक्त बाईकडूनच का करायची, हा त्याचा प्रश्न. मंचावर रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरीखुरी वाटणारी खोली होती, गाणी मोजकी होती आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गाणी काणेकरांची, चाली केशवराव भोळ्यांच्या, आणि नायिका बिंबा म्हणजे ज्योत्स्ना भोळे. भोळे दांपत्याचे गाणे नभोवाणीच्या श्रोत्यांना आधीपासून ओळखीचे होते, त्यामुळे भारदस्त आलापीऐवजी भावगीताची हळुवार धाटणी नाटकात सहज रुजली.

या बदलाचे सगळे श्रेय नभोवाणीला देणे मात्र बरोबर नाही. इब्सेनचा प्रभाव आणि पाश्चात्त्य नाटकांचे वाचन तितकेच कारणीभूत होते. पण आवाज न चढवता बोलायची सवय पुस्तकातून लागत नाही. ती मायक्रोफोनपुढेच लागली असणार.

'नाट्यमन्वंतर' फार काळ टिकले नाही. मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'ने 1942 च्या 'कुलवधू'मध्ये तीच वाट पुढे नेली, आणि त्यातही ज्योत्स्ना भोळे होत्या. नभोवाणीवर तर नाटकाला हक्काचे घर मिळाले. 1936 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले, प्रक्षेपक मोठे झाले आणि 1953 मध्ये पुणे केंद्र सुरू झाले. ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर नागोठण्यासारख्या गावांतही श्रुतिका घरोघर ऐकल्या जाऊ लागल्या. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेतले प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी यांना महाराष्ट्राने केवळ आवाजावरून ओळखले.