चूक सांगणारा शास्त्री आणि शिकणारा साहेब

परक्या माणसाने पुस्तकावरून मराठी शिकावे ही प्रथा दोनशे वर्षांहून जुनी आहे. तिच्या इतिहासात व्याकरणे लिहिणाऱ्या आणि कोश रचणाऱ्या साहेबांची नावे ठळकपणे येतात. त्यांच्या चुका रोज ऐकून दुरुस्त करणारे पंडित आणि शास्त्री मात्र प्रस्तावनेतल्या आभारांपुरते उरतात. नवशिक्याची चूक कशी सांगावी हा प्रश्न समजून घ्यायचा, तर आधी त्यांच्याकडेच पाहायला हवे. चूक दाखवताना समोरच्याचा मान राखावा, याबद्दल कुणाचे दुमत नसते. पण मान राखणे म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ आपण फार चटकन लावतो, आणि त्याने शिकणाऱ्याचे नुकसानच होते.

कलकत्त्याचे फोर्ट विल्यम कॉलेज 1800 साली निघाले, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा याव्यात म्हणून. तिथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरीने 1805 साली व्याकरण आणि 1810 साली कोश छापला. वैजनाथ पंडितांची त्याला मदत होती. हे सारे काम महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, बंगालमध्ये चालले होते. कॅरीचे वाक्य कानाला खटकले तरी हसणारा, अडखळणारा किंवा ‘असं नाही म्हणत हो’ म्हणणारा बाजार आसपास नव्हता. होता तो पगारी पंडित, आणि पगार शिकणाऱ्याच्या बाजूने येत होता. अशा नात्यात भीड पडणारच. बंगालमधल्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली निघालेला कॅरीचा मराठी ‘नवा करार’ मुंबईकडच्या वाचकांना परका वाटला. मग मुंबईतल्या अमेरिकन मिशनने 1826 साली आपले वेगळे भाषांतर छापले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवायला घेतले आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत ते काम सोडले नाही. श्रीरामपूरच्या मराठीतला अवघडलेपणा केवळ पंडितांच्या भिडेमुळे आला असे म्हणता येणार नाही. अंतर आणि शब्दाला शब्द ठेवण्याचा आग्रह हीही कारणे होतीच. पण वेळेवर न सांगितलेली चूक छापली गेली की पिढ्यान्पिढ्या टिकते, एवढे त्यातून नक्की दिसते.

त्याआधी दोन शतके गोव्यात उलट घडले होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला आणि 1619 साली मरेपर्यंत तिथेच राहिला. त्यातली बहुतेक वर्षे साष्टीत गेली. त्याचे मराठी ओव्यांतले ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले आणि कोकणीचे व्याकरण त्याच्या पश्चात 1640 साली. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली, हे विसरून स्टीफन्सचे कौतुक करता येत नाही. तरीही परक्याने लिहिलेली ओवी इतकी सहज कशी उतरली, हा प्रश्न उरतोच. माझे उत्तर असे : चाळीस वर्षे त्याच्याभोवती तिथली बोली जगणारी माणसे होती. चूक दुरुस्त करायला दर वेळी गुरूच लागतो असे नाही. ऐकणाऱ्याने तेच वाक्य नीट करून परत उच्चारले, तरी शिकणाऱ्याच्या कानाला फरक कळतो.

पण चूक कशाला म्हणायचे? नवशिक्या ‘मी पोळी खाल्लो’ म्हणतो, आणि आपण लगेच ‘खाल्ली’ असे सुधारतो. क्रियापद पोळीमागे जाते, खाणाऱ्यामागे नाही. प्रमाण मराठीत ते बरोबरच आहे. मात्र सोलापूरकडे जन्माने मराठी बोलणारी माणसे ‘मी काम केलो’ असे सर्रास म्हणतात. तिथे राहून शिकलेल्या माणसाला ‘तुझे चुकले’ म्हणणे हा अन्याय आहे. ‘लिहिताना असे लिहितात’ एवढेच सांगणे खरे. 1829 साली शास्त्रीमंडळाचा मराठी कोश निघाला आणि 1831 साली मोल्सवर्थ या इंग्रज साहेबाचा. मोल्सवर्थच्या कोशाची मला वाटणारी थोरवी ही, की ग्रांथिक शब्दांच्या बरोबरीने त्यात बोलीतले, खेड्यातले शब्दही जागा मिळवून आहेत. फलटणला राहून तिथल्या बोलीचा अभ्यास केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकरांसह परभाषकांसाठी मराठीचे व्याकरण लिहिले, ते 1975 साली निघाले. सुधारणाऱ्याला आधी आपल्याच भाषेची रुंदी ठाऊक असावी लागते.

यावर कुणी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव घेईल. 1874 पासून निबंधमालेत त्यांनी इंग्रजी वळणाच्या मराठीवर झोड उठवली आणि त्या कठोरपणाने मराठी गद्याला कणा दिला, मग सौम्यपणाचे एवढे स्तोम कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण त्यांचा रोख कुणावर होता ते पाहावे. मेजर थॉमस कँडीने मराठीत विरामचिन्हे रुळवली, मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 साली पुरा केला. त्याचे ऋण मोठे आहे. मात्र शिकायला आलेला हा साहेब पुढे सरकारी पुस्तकांच्या मराठीवर अधिकार चालवणारा झाला होता. अधिकाऱ्याच्या आणि शिकलेल्या लेखकाच्या भाषेवर चारचौघांत टीका करणे हे कर्तव्यच. पहिले वाक्य जुळवणाऱ्या माणसाला तीच भाषा वापरणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे.

प्रत्येक चूक सांगितली तर माणूस बोलायचाच थांबेल, हा दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. म्हणून निवड करावी. अर्थ बिघडवणारी चूक आधी घ्यावी, लिंगाची चूक मागाहून, उच्चाराची त्याहून मागाहून. आज कंपनीचे साहेब नाहीत. आज आपली भाषा शिकतो तो मुंबई-पुण्यात कामाला आलेला परप्रांतीय, किंवा परदेशात वाढलेले आपलेच नातवंड. तो ‘मी पाणी पाहिजे’ म्हणाला की आपण चटकन हिंदीवर उतरतो, नातवंडाशी इंग्रजीवर. आपल्याला ते सौजन्य वाटते. त्याला मात्र मराठीत पुढचे वाक्य बोलायची संधीच उरत नाही. त्याला ‘तुम्हाला पाणी पाहिजे? हे घ्या’ असे म्हणून पाणी द्यावे, आणि पुढचे बोलणेही मराठीतच चालू ठेवावे.