माती आणि लेखणी

इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी व तहांची कलमे, अशी आपली शाळेपासूनची समजूत असते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तसाच इतिहास शिकविला. तथापि फ्रान्समधील सेर या लहानशा खेड्याची हकीकत वाचनात आली आणि ती समजूत ढळली.

पहिल्या महायुद्धात, 1 जुलै 1916 रोजी, इंग्रज सैन्याने सोम नदीच्या प्रदेशात मोठा हल्ला केला. त्या एका दिवसात त्याचे 19,240 लोक कामास आले. एकाच गावचे शेजारी व मित्र एकत्र भरती होऊन बनलेल्या पलटणी सेरसमोर थोड्या वेळात कापल्या गेल्या.

पुढे जानेवारी 1917 मध्ये विल्फ्रेड ओवेन हा 23 वर्षांचा इंग्रज अधिकारी याच परिसरात, जर्मनांकडून घेतलेल्या एका भुयारात, पंचवीस माणसांसह पन्नास तास अडकून पडला. पायांशी पाणी चढत होते, वर तोफगोळे पडत होते. पहाऱ्यावरील एका शिपायाची दृष्टी गेली. हे सारे त्याने आईस पत्राने कळविले व पुढे त्यावर कविताही रचली. 4 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्ध थांबण्यास अवघा आठवडा उरला असता, तो मारला गेला.

2003 साली पुराणवस्तुसंशोधक ते भुयार शोधण्यास सेरला गेले. कवीच्या शब्दांच्या मागाने निघालेल्या त्या मंडळींस मातीत तीन शिपायांच्या अस्थी सापडल्या. दोन जर्मन, एक इंग्रज! 1915 साली पडलेल्या एका जर्मनाच्या ओळखीच्या बिल्ल्यावरून त्याचे नाव निश्चित झाले. जो इतकी वर्षे केवळ 'बेपत्ता' होता, तो पुन्हा कोणाचा तरी पुत्र ठरला. लेखणीने वाट दाखविली, मातीने साक्ष दिली.

आपल्याकडेही कित्येक गावांत त्या युद्धाच्या स्मृतिशिला आहेत. गावातून किती गेले व त्यांपैकी किती कामास आले, एवढाच आकडा त्यांवर असतो; नावे नसतात. ती नावे असलीच तर आपल्या माळ्यावरील ट्रंकांत, जुन्या पत्रांत व पेन्शनच्या कागदांत आहेत. ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती की, वाळवीने ते कागद वाचण्यापूर्वी आपण ते वाचावेत व नावे टिपून ठेवावीत.