मुकादमाचा इंटरव्ह्यू : बालाघाटात माणूस कसा निवडतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे कापलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे हायरिंग. छोट्या धंद्यात नवीन माणूस घ्यायचा, तर त्याची पारख कशी करायची? मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमची कंपनी छोटी, वीसेक जणांची. आमच्याकडे एक माणूस घ्यायचा म्हटलं की रेझ्युमे, कोडिंग टेस्ट, दोन राउंड, एचआर राउंड, मग सहा महिने प्रोबेशन. एवढं करूनही कुणालाच खात्री नसते. आता एक कल्पना करा. तुम्हाला दोन महिन्यांत तीस माणसं घ्यायची आहेत. रेझ्युमे नाही, टेस्ट नाही, आणि कामाला हात लावायच्या आधीच प्रत्येकाला अर्ध्या वर्षाचा पगार रोख द्यायचाय. कराल हिंमत?

आमच्या बीड जिल्ह्यात हे दरवर्षी होतं. करणारा कुणी एमबीए नसतो, मुकादम असतो.

माझं गाव कपिलधारजवळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : बीडपासून साधारण वीस किलोमीटरवर, मांजरसुंब्याच्या जवळ, बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. धबधबा आहे, मन्मथस्वामींची संजीवन समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला वीरशैव समाजाची मोठी यात्रा भरते, लांबलांबून दिंड्या येतात. पावसाळ्यात रील काढायला येणारे धबधबा बघतात आणि म्हणतात, किती हिरवंगार आहे! पण हा डोंगर पाणी धरत नाही. पाऊस कमी, जमीन हलकी. म्हणून यात्रेला दिंड्या येतात त्याच दिवसांच्या आसपास पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांमधून माणसांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर ऊसपट्ट्याकडे निघालेले असतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, कुठंही.

या माणसांची भरती कशी होते, ते आज बघू. पूर्ण एपिसोडभर एकच प्रश्न डोक्यात ठेवा : निवड चुकली तर पैसे कुणाचे बुडतात?

आधी थोडी डिक्शनरी

'कोयता' म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, हे सगळ्यांना माहीत आहे. पण भरतीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. 'उचल' म्हणजे कामाआधी घेतलेली रोख रक्कम. दहा-पंधरा कोयते मिळून एक 'टोळी' होते आणि टोळीचा धनी म्हणजे मुकादम. तो कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे आणतो, करार करतो, गावोगाव फिरून उचल वाटतो आणि हंगामभर टोळी सांभाळतो. त्याला मजुरीवर कमिशन मिळतं, सध्या २० टक्के. स्टार्टअपच्या भाषेत सांगायचं तर फाउंडर, रिक्रूटर आणि फायनान्सर, तिन्ही एकच माणूस.

आमच्या भागातल्या एका जुन्या मुकादमांना मी विचारलं होतं, अण्णा, माणूस बघता कसा? त्यांच्या बोलण्यातून मला जे कळलं ते थोडक्यात असं. ते माणसाला फार काही विचारतच नाहीत, माणसाबद्दल विचारतात. मागच्या हंगामात कुणाबरोबर होता? त्याची बाकी फिटली का? उचल घेऊन कधी पळाला होता का? दोघा मुकादमांकडून एकदम उचल घेतो का? भावकीतलं कोण टोळीत आहे? नवरा-बायकोचं पटतं का? हे शेवटचं मला आधी गंमत वाटलं. पण पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, दोघं मिळून डोक्यावरून गाडीपर्यंत नेतात. जोडी बिनसली की काम थांबतं.

म्हणजे बघा, रेफरन्स चेक आहे, जुन्या कामाची हिस्टरी आहे, टीम फिट आहे. एचआरच्या पुस्तकातलं सगळं आहे. फक्त कागदावर काही नाही.

हे सुरू कसं झालं?

ऊस हे विचित्र पीक आहे. तोडला की घड्याळ सुरू होतं. लवकर गाळला नाही तर वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. त्यामुळे कारखान्याला रोज ठरावीक ऊस ठरावीक वेळेला लागतो. महाराष्ट्रात म्हणूनच तोडणीचा कार्यक्रम शेतकरी नाही, कारखाना ठरवतो, आणि तोडणीची माणसंही कारखान्याच्या व्यवस्थेतून येतात.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. नंतरच्या दोन-तीन दशकांत सहकारी कारखाने वाढत गेले. जिथं पाटाचं पाणी तिथं कारखाना, आणि जिथं दुष्काळ तिथून मजूर. १९७२ च्या दुष्काळानं तर आमच्याकडची गावंच्या गावं बाहेर पडली. कारखान्याला हजारो माणसं हवीत, पण फक्त चार-पाच महिने. इतक्या लांबच्या खेड्यातल्या माणसाची ओळख कारखान्याच्या ऑफिसला कुठून असणार? ती मुकादमाला होती. कारखान्यानं मुकादमाकडून खरं तर ही ओळख विकत घेतली.

ही पद्धत आपल्याकडे नवी नव्हती. शिवकाळातल्या फौजेबद्दल इतिहासकार सांगतात की नव्या शिपायाला आधीपासून चाकरीत असलेल्या माणसाचा जामीन द्यावा लागे. आजचं एम्प्लॉयी रेफरल म्हणा, पण फरक मोठा आहे. आज रेफर करणाऱ्याला बोनस मिळतो. तेव्हा रेफर करणारा जबाबदार धरला जायचा. शिफारस करताना माणूस दहादा विचार करणारच ना?

मग मुंबईच्या गिरण्या घ्या. तिथं भरती जॉबरच्या हातात होती. हा गावाकडची, ओळखीची माणसं आणायचा, कामावर लावायचा आणि त्याबद्दल 'दस्तुरी' घ्यायचा. सकाळी गेटवर उभं राहायचं, जॉबरनं बोट दाखवलं तर त्या दिवशी काम. पारख करायचा अधिकार एकाच माणसाकडे आणि त्याच्यावर कुणाची नजर नाही, मग लाच वाढली. १९३१ मध्ये कामगारविषयक रॉयल कमिशननं जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून लेबर ऑफिसर नेमायची शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्ड द्यायची योजना आणली. हे लगेच सगळं सुधारलं असं नाही. पण गिरणी शहरात होती. तिथं युनियन होती, संप होते, हजेरीचा कागद होता. फडात हजेरीचा कागदही मुकादमाच्याच खिशात.

आता हिशेब करू

इंजिनिअर आहे, आकडे आल्याशिवाय मला चैन पडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. समजा एका जोडीनं ८० हजार उचल घेतली. ८०,००० भागिले ३६६ म्हणजे जवळपास २१९ टन. दोघं मिळून दिवसाला साधारण दोन टन तोडतात असं धरू. म्हणजे उचल फिटायलाच ११० दिवस. यात आजारपण नाही, पाऊस नाही, गाडी वेळेवर आली नाही म्हणून वाया गेलेला दिवस नाही. आणि २०२४-२५ सारखा हंगाम लवकर आटोपला तर? बाकी अंगावर राहते. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं, कारण जुनी बाकी आहे.

इथं आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. मुकादमाचा अंदाज चुकला, जोडी अपेक्षेपेक्षा हळू निघाली, तर तोटा जोडीचा. उचल म्हणजे उलटा बाँड आहे. माझ्या एका मित्राला पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बाँड होता, सोडून गेलास तर पैसे भर. तो चिडायचा. पण त्याला निदान आधी पैसे घ्यायची गरज नव्हती. आमच्याकडे लग्न, दवाखाना, पेरणी यासाठी पैसे लागतात त्याच महिन्यांत उचल वाटली जाते. कर्जामुळे माणसाला काम सोडता येत नसेल तर ती वेठबिगारी, असं १९७६ चा कायदा सांगतो. पण कोयत्याच्या व्यवहाराला कुणी तसं म्हणत नाही, सगळे त्याला 'व्यवहार'च म्हणतात.

मुकादमालाही धरून झोडपायचं नाहीये मला. त्यानं कारखान्याकडे सह्या केलेल्या असतात. एखादी जोडी उचल घेऊन गायब झाली तर त्याची जमीन विकायची वेळ येते. पण तो बुडू नये म्हणून तो काय करतो? अजून कडक निवडतो आणि अजून कडक दंड लावतो. दबाव वरून खाली सरकत जातो, आणि सगळ्यात खाली जो असतो त्याच्या अंगावर थांबतो.

सगळ्यात खाली कोण आहे?

हंगामात सुट्टी घेतली की 'खाडा' पडतो आणि खाड्याचा दंड असतो. आता फडात संडास नाही, पाणी नाही, कोपीत राहायचं, पहाटे चारला उठायचं. पाळीच्या दिवसांत बाईनं काय करायचं? २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया झालेली निघाली. सुमारे १७ टक्के. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगट तंतोतंत जुळणार नाहीत, पण फरक एवढा मोठा आहे की तो डोळ्याआड करता येत नाही.

कारण एकच नाही. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर होते, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं होती, उपचाराला वेळ नव्हता. पण त्यात हा खाड्याचा दंडही होता. पाळी येणारी बाई नको असा लेखी नियम कुठंही नाही. गरजच नाही. दंड एवढा मोठा ठेवा की बाई स्वतःच स्वतःला 'पास' करून घेईल.

तसंच लग्नाचं. जोडीला पूर्ण उचल, एकट्याला अर्धी. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमध्ये २० ते २४ वयाच्या ४३ टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. याला गरिबी आणि रूढी कारण आहेतच. पण भरतीचं युनिट 'जोडी' ठरवलं की लग्न हीच पात्रता होऊन बसते.

मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की निवडीचा निकष फक्त माणूस निवडत नाही. तो माणसाला बदलतो. आम्ही इंटरव्ह्यूत लीटकोडचे प्रश्न विचारतो म्हणून पोरं वर्षभर लीटकोड करत बसतात, खरं काम शिकायचं राहून जातं. तिथं नुकसान एका वर्षाचं. इथं शरीराचं आणि बालपणाचं.

बदलतंय का काही?

थोडं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ सुरू झालं. गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि सरकारनं तेवढेच द्यायचे, असं ठरलं. ग्रामसेवकांनी कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायची, मुलांसाठी वसतिगृहं काढायची, ही कामं चालू झाली आहेत. ओळखपत्र ऐकायला किरकोळ वाटतं. पण आतापर्यंत त्या माणसाचा सगळा रेकॉर्ड एका मुकादमाच्या डोक्यात होता. किती टन तोडला, किती फिटलं, किती बाकी, हे कामगाराच्या हातात लेखी आलं तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाऊन सांगू शकतो, हे बघा माझं काम. दुसरीकडे हार्वेस्टर वाढतायत. ज्यांना या पद्धतीतून सुटायचंय त्यांना ते सुटणं कामासकट होईल की काय, ही भीती आहेच.

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण उद्या दुकान काढतील, स्टार्टअप काढतील, माणसं घेतील. पारख कशी करायची याच्या हजार टिप्स यूट्यूबवर आहेत. इतिहासातून माझ्या हाती तीनच गोष्टी लागल्या. एक, माणसाबद्दल त्याच्या जुन्या सोबत्यांना विचारा, हे मुकादमाचं खरंच बरोबर आहे. दोन, त्याच्या कामाचा रेकॉर्ड त्याच्याकडेही राहू द्या. तीन, तुमचा अंदाज चुकला तर त्याचा खर्च तुमच्या वहीत लिहा, त्याच्या नाही. दोन महिन्यांचा पगार गेला तर गेला, ती तुमच्या निर्णयाची किंमत आहे.

ज्यांच्या घरात कोयता होता किंवा आहे, त्यांनी व्हॉइस नोट पाठवा. उचल कोणत्या महिन्यात यायची आणि कशासाठी खर्च व्हायची, एवढंच सांगितलं तरी चालेल. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. पुढचा एपिसोड त्यावरच करायचाय. भेटूच!