निद्रानाश

निद्रानाश : झोपायला पुरेसा वेळ आणि निवांत जागा असूनही झोप न लागणे, मध्येच मोडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, आणि त्यापायी दुसरा दिवस बिघडणे, अशी अवस्था. यातली शेवटची अट महत्त्वाची आहे. साडेपाच तास झोपून दिवसभर ताजातवाना राहणाऱ्याला हा विकार नाही. पाळीच्या कामामुळे किंवा पहाटेची लोकल गाठायची म्हणून ज्याला झोपायलाच मिळत नाही, त्याची झोप अपुरी असते. त्याला निद्रानाश म्हणत नाहीत. आठवड्यातून किमान ३ रात्री, असे ३ महिने चालले की विकार जुनाट मानतात. प्रौढांपैकी सुमारे १० टक्क्यांना तो असतो. स्त्रियांत आणि उतारवयात प्रमाण अधिक.

झोप येते ती दोन गोष्टी जुळल्या की. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये हा सिद्धांत मांडला. माणूस जितका वेळ जागा राहील तितका झोपेचा दाब वाढत जातो. या दाबामागे मेंदूत साचत जाणाऱ्या अ‍ॅडिनोसीनचा मोठा वाटा आहे. चहा-कॉफीतले कॅफीन त्याचीच वाट अडवते. दुसरे म्हणजे शरीरातले सुमारे चोवीस तासांचे घड्याळ, ज्याला सकाळचा उजेड रोज वेळेवर आणतो. निद्रानाशात बहुधा या दोन्ही यंत्रणा शाबूत असतात, पण जागे ठेवणारी यंत्रणा रात्रीही शांत होत नाही. झोपेचे स्वतंत्र केंद्र मेंदूत असावे याचा पहिला ठोस सुगावा व्हिएन्नाचे कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांना १९१७ च्या सुमारास मेंदूज्वराच्या साथीत लागला. साथीतले बहुतेक रुग्ण दिवसेंदिवस झोपून राहत, पण काहींना झोपच येत नसे. या दुसऱ्या गटात हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग बिघडलेला आढळला.

विकार सुरू कशाने झाला आणि टिकला कशाने, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी ते वेगळे केले, आणि आजचा वर्तनोपचार बराचसा त्यावर उभा आहे. काही माणसे मुळातच सावध झोपेची असतात. घरातले आजारपण, परीक्षा, नोकरी जाणे, बाळंतपण असे काही निमित्त होते आणि झोप उडते. निमित्त सरल्यावर ती परतायला हवी. पण तोवर माणूस नऊ वाजताच अंथरूण धरू लागलेला असतो, सकाळी पडून राहतो, दुपारी भरपाई करतो, रात्री घड्याळात किती वाजले ते पाहून किती तास उरले याचा हिशेब करतो. झोप मिळवण्याची ही धडपडच निद्रानाश जोपासते. दुपारच्या झोपेने रात्रीचा दाब घटतो, आणि तळमळत काढलेल्या रात्रींमुळे अंथरुणाला पाठ टेकताच मन सावध व्हायला शिकते. टीव्हीसमोर खुर्चीत पेंगणारा माणूस खोलीत जाऊन आडवा होताच टक्क जागा होतो, तो यामुळेच.

निदान रुग्णाशी सविस्तर बोलून होते. दोन आठवडे रोज सकाळी झोपेची नोंद लिहायला सांगतात. झोपेच्या प्रयोगशाळेतली तपासणी एरवी लागत नाही. मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे, पायांची अस्वस्थ चाळवाचाळव अशा खुणा असतील तर मात्र ती करावी. नैराश्य आणि चिंताविकार वारंवार सोबत असतात. पूर्वी निद्रानाशाला त्यांचे केवळ लक्षण समजत. २०१३ पासून अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनची निदानपुस्तिका त्याला स्वतंत्र विकार मानते, म्हणून दोन्हींवर एकदमच उपचार करायचे.

पहिला उपचार गोळी नव्हे, तर विचार-वर्तन उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाच्या सर्व प्रौढ रुग्णांसाठी तशी शिफारस केली. त्याचा गाभा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो : अंथरुणातला वेळ कमी करायचा. समजा, नोंदीनुसार एखादी बाई रात्री १० ते सकाळी ६:३०, म्हणजे साडेआठ तास अंथरुणात असते आणि झोपते साडेपाच तास. म्हणजे जेमतेम ६५ टक्के वेळ कारणी लागतो. तिला रात्री १२:३० ला झोपून सकाळी ६ ला उठायला सांगतात, रविवारीही. पहिले एकदोन आठवडे कठीण जातात, दिवसा झापड येते. मग दाब साठून झोप सलग होते. प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेले की १५ मिनिटे वाढवून देतात. पाच तासांखाली सहसा उतरत नाहीत. फेपरे, द्विध्रुवी विकार असलेल्यांना आणि जड वाहने चालवणाऱ्यांना ही पद्धत तज्ज्ञाच्या देखरेखीविना देऊ नये. तिच्या जोडीला रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला नियम असतो : पेंग आल्यावरच आडवे व्हायचे, थोड्या वेळात झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे. एका खोलीत चौघे झोपणाऱ्या घरांत हे अवघड. तिथे अंथरुणापासून दूर खुर्चीत बसले तरी हेतू साधतो. ‘मोबाइल बाजूला ठेवा, संध्याकाळनंतर चहा नको’ हे सल्ले योग्यच आहेत, पण जुनाट विकार नुसत्या त्यांनी बरा होत नाही. दारूने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्रीची झोप मोडते.

चरकसंहितेने आहार व ब्रह्मचर्यासोबत निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानले असून झोप येत नसल्यास अभ्यंग, स्नान, दूध व मनःस्वास्थ्य सांगितले आहे. आपल्याकडे दुधात उगाळलेले जायफळ देतात, काशाच्या वाटीने तळपाय घासतात. त्याने निवांतपणा येत असेल तर जरूर करावे. जायफळ मात्र चिमटीपुरतेच, जास्त झाल्यास विषारी ठरते.

अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे भारतात ‘एच-१’ अनुसूचीत आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तात्पुरत्या संकटात थोडे दिवस त्यांचा उपयोग होतो. लांबल्यास सवय जडते, आणि वृद्धांमध्ये रात्री तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. अचानक थांबवल्यास काही रात्री झोप पूर्वीपेक्षा बिघडते. रुग्ण त्याला जुने दुखणे समजून पुन्हा गोळीकडे वळतो. म्हणून डॉक्टर मात्रा काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि त्याच काळात वर्तनोपचार चालू असला तर गोळी सुटण्याची शक्यता वाढते.