झोपेचे क्षार आणि रातपाळीचा दिवा



रातपाळी करणारा एक कामगार मध्यंतरी युनियनच्या कचेरीत आला. पाळ्यांचे वेळापत्रक बदला, ही कामगारांची मागणी त्याच्या कारखान्याने फेटाळली होती. त्याऐवजी झोप लागावी म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या वाटल्या होत्या. ‘भाऊ, याने झोप येते का हो?’ असे त्याने विचारले. आमची शाळा सातवीत सुटलेली. उत्तर ठाऊक नव्हते. म्हणून पुस्तके उघडली. त्यांतून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या विषयाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मेंदूच्या मध्यभागी वाटाण्याहूनही लहान अशी पिनिअल ग्रंथी असते. १९१७ साली अमेरिकेत मॅककॉर्ड व ॲलन यांनी गाईच्या या ग्रंथीचा अर्क बेडूकमाशांना दिला, तेव्हा त्यांची कातडी फिकी पडली. पुढे १९५८ साली येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी गाईबैलांच्या हजारो ग्रंथींतून ते द्रव्य वेगळे काढले व त्याला मेलाटोनिन हे नाव दिले. त्यांना शोध घ्यायचा होता कातडीच्या रंगाचा. हाती लागले ते शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे द्रव्य!

ते तयार कसे होते, याचा उलगडा १९६० च्या सुमारास ॲक्सेलरॉड व वाइसबाख यांच्या कामातून होऊ लागला. आम्ही कारखान्याची माणसे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. कच्चा माल म्हणजे डाळी-दुधातल्या प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन. पहिल्या खात्यातल्या विकराला लोह लागते, पुढच्या खात्यातल्याला ब-६ जीवनसत्त्व. अर्थात साच्याला तेल लागते म्हणून दुप्पट तेल ओतल्याने दुप्पट कापड निघत नाही.

परंतु तेल आटले तर साचा कुरकुरतो, हेही खरे. १९४५ साली स्वीडनच्या एक्बॉम यांनी रात्री पाय स्वस्थ राहू न देणाऱ्या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले. लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध पुढे दिसून आला. मॅग्नेशियम तोडलेल्या उंदरांच्या रक्तात मेलाटोनिन कमी आढळले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली इटलीतील पाविया येथील प्रयोगाची हकीकत छापून आली. त्यात झोप न येणाऱ्या ४३ वृद्धांपैकी काहींना ५ मिलिग्रॅम मेलाटोनिन, २२५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि सुमारे ११ मिलिग्रॅम जस्त आठ आठवडे दिले. त्यांची झोप सुधारली. मात्र तिन्ही एकत्र दिल्यामुळे श्रेय कोणाचे, हे ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा. १९८० साली अमेरिकेत ल्युई व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, रात्री डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला तर माणसाचे मेलाटोनिन घटते. म्हणजे कच्चा माल आहे, तेल आहे, तरीही दिवा लागला की खाते बंद! मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्यावर बारा तासांची मर्यादा घातली ती १९११ च्या कायद्याने, आणि तीही कामगारांनी ओरड केल्यानंतर. त्या वेळी मेलाटोनिनचे नाव कोणी ऐकले नव्हते. पण थकवा अंगाला कळत होता.

त्या कामगाराला आम्ही सांगितले: नाचणी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या खा; जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, त्याने अन्नातले लोह अंगी कमी लागते; डॉक्टरांकडून रक्त तपासून घे. दिवसा झोपशील ती खोली अंधारी ठेव. आणि मागणीपत्रातले पाळ्यांचे कलम सोडू नकोस. गोळ्यांचे पाकीट त्याने टेबलावर ठेवले. ते आम्ही मागणीपत्राबरोबर फायलीत लावले आहे. पुढच्या बैठकीत बरोबर नेणार आहोत.