आधी कोणाला बघायचं? निर्णयांच्या थकव्याची एक जुनी गोष्ट

काही महिन्यांपूर्वी एक बाई तपासायला आल्या. पंचेचाळिशीच्या, बँकेत शाखाधिकारी. तक्रार अशी की संध्याकाळी पाचनंतर डोकंच चालत नाही. "डॉक्टर, घरी गेल्यावर सासूबाईंनी 'भाजी कोणती करू गं' एवढं विचारलं तरी रडू येतं," त्या म्हणाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ हे सगळं तपासून झालं होतं आणि सगळं नॉर्मल होतं. झोप बरी होती, नैराश्याची लक्षणं दिसत नव्हती. मग मी विचारलं, "सकाळी बँकेत गेल्यावर पहिलं काम कोणतं करायचं, हे कसं ठरवता?"

त्या थोडं थांबल्या. "ठरवत नाही. ज्याचा फोन आधी येतो त्याचं काम आधी. नाहीतर जो केबिनमध्ये येऊन आवाज चढवतो त्याचं."

हे ऐकून मला १७० वर्षांपूर्वीचा एक रशियन सर्जन आठवला. त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता. फरक एवढाच की त्याच्यासमोर फाइली नव्हत्या, जखमी सैनिक होते.

रांग कोणाची आधी?

गोष्ट सुरू होते थोडी आधी, फ्रान्समध्ये. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपातल्या लढायांत जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत बहुधा मैदानातच पडून राहत. उपचार मिळायचे तेव्हाही अधिकाऱ्याला आधी, शिपायाला नंतर. डॉमिनिक-जाँ लारे या तरुण फ्रेंच सर्जनने १७९२ मध्ये घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार करवून घेतल्या आणि लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणायला सुरुवात केली. पुढे नेपोलियनच्या सैन्यात काम करताना त्याने आणखी एक नियम घालून दिला: ज्याची जखम सर्वांत गंभीर, त्याला आधी बघायचं. तो कोणत्या हुद्द्याचा आहे, हे बघायचं नाही.

आज आपल्याला हे साधं वाटतं. पण एखादा जनरल खरचटलेला हात घेऊन समोर उभा आहे आणि कोपऱ्यात एक शिपाई निपचित पडलाय, अशा वेळी शिपायाकडे जायला नियमाचं बळ लागतं. दर वेळी नव्याने ठरवायचं म्हटलं तर जनरलच जिंकणार.

सेवास्तोपोलचा हॉल

१८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचं युद्ध झालं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला माहीत असते ती याच युद्धामुळे. ती ब्रिटिशांच्या बाजूला होती. १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये ती तुर्कस्तानात पोचली आणि त्याच सुमारास पलीकडच्या बाजूला, वेढा पडलेल्या सेवास्तोपोल शहरात, निकोलाय पिरोगोव्ह हा रशियन सर्जन दाखल झाला. शस्त्रक्रियेत त्याचा हात विलक्षण होता. रणांगणावर ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या काही सर्जनांपैकी तो एक.

शहरातल्या उमरावांच्या सभागृहाचं तेव्हा ड्रेसिंग स्टेशन झालं होतं. तोफांचा मारा वाढला की शेकडो जखमी एकदम तिथे येऊन पडायचे. डॉक्टर मेहनती होते, हुशार होते. तरीही माणसं मरत होती. का, ते पिरोगोव्हने नंतर लिहून ठेवलंय. डॉक्टर धावायचे ते सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे. त्याच्यावर वेळ आणि ताकद खर्च व्हायची. तेवढ्यात दुसरा ओरडायचा. काही तासांत डॉक्टर गळून जायचे आणि ज्याला खरंच वाचवता आलं असतं तो शांतपणे एका कोपऱ्यात संपलेला असायचा.

पिरोगोव्हने काय केलं? नवं औषध शोधलं नाही. त्याने दारातच वर्गवारी सुरू केली. ज्यांना ताबडतोब शस्त्रक्रिया हवी ते एकीकडे. ज्यांची शस्त्रक्रिया उद्यापर्यंत थांबू शकते ते दुसरीकडे. किरकोळ जखमांचे तिसरीकडे, पट्टी बांधून परत. आणि ज्यांच्या वाचण्याची आशा नाही त्यांचा एक वेगळा गट. या शेवटच्या गटाला त्याने वाऱ्यावर सोडलं नाही. परिचारिका आणि धर्मगुरू त्यांच्याजवळ बसत, पाणी देत, वेदना कमी करायचा प्रयत्न करत. पण सर्जनची सुरी तिकडे जात नसे.

त्याचं म्हणणं असं होतं की अशा वेळी डॉक्टरने आधी व्यवस्थापक व्हावं आणि मग डॉक्टर. नाहीतर त्याचं डोकंही कामाला येत नाही आणि हातही. 'निर्णयांचा थकवा' हा शब्द तेव्हा नव्हता, पण त्याने वर्णन केलंय ते त्याचंच.

निवड करणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून या पद्धतीला पुढे 'ट्रायाज' हे नाव मिळालं आणि पहिल्या महायुद्धात ते रूढ झालं. आज अपघात विभागात पेशंटला लाल, पिवळा, हिरवा असा रंग दिला जातो, तो याच परंपरेतला.

माझी एक रात्र

हे सगळं मला पाठ होतं, असं समजू नका. इंटर्न असताना कॅज्युअल्टीत माझी रात्रपाळी होती. पहाटेचे तीन वाजले होते. स्कूटरवरून पडलेला एक मुलगा आला, डोक्याला खोक, रक्ताने शर्ट भिजलेला आणि सोबत दहा-बारा नातेवाईक आरडाओरडा करणारे. डोक्याची जखम दिसते भयंकर, पण अनेकदा तेवढी गंभीर नसते. मी आधी त्याला टाके घालत बसलो. बाकावर पन्नाशीचे एक मधुमेही गृहस्थ बसले होते. "जरा अस्वस्थ वाटतंय, घाम येतोय," एवढंच म्हणाले होते. पाऊण तासाने सिस्टरने मला अक्षरशः ओढून तिकडे नेलं. ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट होता. मधुमेहात छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

ते वाचले. पण हृदयाच्या स्नायूचं त्या वेळात जे नुकसान झालं ते भरून आलं नाही. मी त्या रात्री आळशी नव्हतो. चौदा तास उभा होतो. जो ओरडला त्याच्याकडे गेलो, इतकंच.

विज्ञान काय सांगतं?

१९९८ मध्ये रॉय बाउमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं की मनाची ताकद वापरली की खर्च होते. २०११ मध्ये इस्रायलमधल्या पॅरोलच्या निकालांचा एक अभ्यास गाजला: सुट्टीनंतर लगेच न्यायाधीश कैद्यांच्या बाजूने जास्त निर्णय देतात आणि बैठक लांबत जाते तसं हे प्रमाण घसरत जातं. पुढे या दोन्हींवर शंका घेतल्या गेल्या. प्रकरणांचा क्रमच निकालावर परिणाम करत असेल, असं काहींनी दाखवलं. २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून 'खर्च होणाऱ्या ताकदीचा' प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. त्यामुळे मेंदूत एखादी टाकी असते आणि ती रिकामी होते, असं कोणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण २०१४ मध्ये आलेला एक अमेरिकन अभ्यास मला डॉक्टर म्हणून टोचतो. सर्दी-खोकल्यासारख्या तक्रारींच्या २१ हजारांहून अधिक भेटी त्यात तपासल्या होत्या. ओपीडीचे तास पुढे सरकतात तसं अँटिबायोटिक लिहून देण्याचं प्रमाण वाढत जातं, असं आढळलं. 'याची गरज नाही' हे समजावून सांगायला श्रम पडतात. लिहून देणं सोपं असतं. दमलेला माणूस सोपी वाट धरतो. हे तुमच्या ऑफिसातही घडतं आणि माझ्या क्लिनिकमध्येही.

तुम्ही काय करू शकता?

१. वर्गवारी हे वेगळं काम माना. सकाळी फोन आणि मेल उघडण्याआधी दहा मिनिटं बसा. आज न केल्यास खरंच नुकसान होईल अशी दोन-तीन कामं, उद्यावर चालतील अशी आणि दुसऱ्याला देता येतील अशी, असे तीन गट कागदावर करा.

२. चौथा गटही करा: जे करायचंच नाही ते. हाच गट सर्वांत अवघड. पण पिरोगोव्हसारखं माणुसकीने करा. समोरच्याला स्पष्ट आणि नम्रपणे 'हे होणार नाही' असं कळवा, लटकत ठेवू नका.

३. नियम आधीच ठरवा. 'चारनंतर कर्ज मंजुरीची फाइल हातात घ्यायची नाही' असा एक नियम रोजचे पाच वाद वाचवतो.

४. गप्प बसलेल्याकडे दिवसातून एकदा तरी बघा. कोणतं काम ओरडत नाही, पण महत्त्वाचं आहे? अनेकांच्या बाबतीत ते काम म्हणजे स्वतःची तब्येत असते.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, मोठ्याने घोरून दिवसा झोप येत असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर तो नुसता निर्णयांचा थकवा समजू नका. डॉक्टरांना भेटा.

त्या शाखाधिकारी बाई सहा आठवड्यांनी पुन्हा आल्या, या वेळी सासूबाईंना दाखवायला. मी चौकशी केली. "फोन तेवढेच येतात, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण आता पहिला फोन यायच्या आधी वहीत चार रकाने भरलेले असतात." भाजीचा प्रश्नही सुटला होता. आठवड्याच्या भाज्या आता रविवारीच ठरतात, आणि त्या सासूबाई ठरवतात.