भालू, बलू आणि ठळक देवनागरी

आशयाची चर्चा करताना तो आशय कोणत्या वळणाच्या अक्षरांतून आपल्यापुढे येतो, हा प्रश्न साहित्याचे अभ्यासक क्वचितच विचारतात. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने घडवलेला 'बलू' हा फॉन्ट या दृष्टीने आम्हांस विचारणीय वाटतो.

गोल टोकांचे ठळक वळण मूळचे रोमन लिपीतले. फोक्सवागन कंपनीसाठी 1979 साली घडलेला 'व्हीएजी राउंडेड' हे त्याचे परिचित उदाहरण. देवनागरीचा पिंड मात्र निराळा. तिच्या रेषेची जाडी-बारीकी तिरक्या कापलेल्या बोरूतून आली आणि मुंबईतील जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांतून ती शिशाच्या खिळ्यांतही उतरली. रोमन अक्षराची जाडी तिच्यावर जशीच्या तशी लादली, तर शिरोरेषाच बरीचशी उंची खाऊन टाकते, आणि 'श', 'क्ष', 'ज्ञ' यांच्या पोकळ्या बुजतात. म्हणून रेषा जिथे मिळतात तिथे त्या हलक्या हाताने बारीक कराव्या लागतात. तेव्हा कुठे जाड अक्षर वाचनीय राहते. ठळकपणा म्हणजे निव्वळ शाई वाढवणे नव्हे, ती स्वतंत्र रचना आहे.

2016 साली 'बलू' गूगल फॉन्ट्सवर सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. आरंभी त्याचे वजन एकच होते, ठळक. पुढे 'बलू 2' मध्ये पाच वजने आली. प्रत्येक लिपीच्या आवृत्तीला त्या त्या भाषेतील नात्याचे नाव आहे: गुजरातीत 'भाई', गुरुमुखीत 'पाजी', बंगालीत 'दा', तमिळमध्ये 'तंबी', मल्याळममध्ये 'चेट्टन'. लिपी एकमेकींच्या छाया नसून भावंडे आहेत, ही भूमिका या नावांतून व्यक्त होते. या भावंडांत बहीण एकही नाही, हेही नोंदवावयास हवे.

मूळ नावाचा प्रवासही बोलका आहे. मुंबईत 1865 साली जन्मलेल्या किपलिंगने हिंदीतील 'भालू' हा शब्द 'द जंगल बुक'मध्ये (1894) अस्वलाला दिला. त्या प्रवासात 'भ'चा महाप्राण गळाला. आता तो शब्द देवनागरीत परतला आहे तो 'बलू' होऊन.

शब्दाच्या बाबतीत जे घडले ते अक्षराच्या बाबतीत घडू नये, हीच या कामातील खरी कसोटी होय. मथळा, बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, दुकानाची पाटी, वेष्टन येथे हे आर्जवी, गुबगुबीत अक्षर शोभते. सलग मजकुरात ते डोळ्यांना थकवते, आणि शोकवार्तेत विसंगत ठरते. म्हणजे अक्षरालाही स्वर असतो. तो स्वर कोणता, आणि तो या मजकुराचा आहे की उसना घेतलेला, हे ओळखणे हाही वाचनाचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.